औंधचे अप्पासाहेब पंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अप्पासाहेबांचं नाव निघालं की प्रश्न ठरलेले येतात. अर्धे औंध संस्थानाबद्दल, अर्धे नैरोबी आणि तिबेटबद्दल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. म्हणून उत्तरं लिहिताना मी पुन्हापुन्हा औंधला परत येणार आहे, तेवढं चालवून घ्या.

अप्पासाहेब पंत म्हणजे नेमके कोण?

परशुराम भवानराव पंत. जन्म १९१२, मृत्यू १९९२. साताऱ्याकडच्या औंध संस्थानाचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव. मुंबई आणि ऑक्सफर्डला शिकले, लंडनहून बॅरिस्टर होऊन आले. आधी स्वतःच्या संस्थानात शिक्षणमंत्री, मग पंतप्रधान. संस्थान विलीन झाल्यावर पंडित नेहरूंनी त्यांना परराष्ट्र खात्यात घेतलं आणि पुढची सत्तावीस वर्षं ते भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबी, गंगटोक, जाकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन आणि रोम इथे राहिले. आडनावातला 'प्रतिनिधी' त्यांनी गाळला होता, पण आयुष्यभर काम तेच केलं.

औंध म्हणजे पुण्यातलं औंध का?

नाही हो. पुण्याचं औंध वेगळं, हिंगोलीकडचं औंढा नागनाथ आणखी वेगळं. हे औंध खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे जायचं.

गोविंद वल्लभ पंत त्यांचे कोण?

कुणीच नाहीत. ते कुमाऊंचे. आपल्याकडे पंत हे मुळात आडनाव नव्हे, हुद्द्याबरोबर आलेला मान आहे.

मग 'पंतप्रतिनिधी' ही पदवी आली कुठून?

१६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले आणि राजाराम महाराज जिंजीला निघून गेले. राजा दूर, मुलूख मोगलांच्या टाचेखाली. अशा वेळी राजाच्या वतीने शब्द देणारा, शिक्का चालवणारा माणूस हवा होता. म्हणून अष्टप्रधानांच्याही वरचं 'प्रतिनिधी' हे पद निघालं. पहिले प्रल्हाद निराजी. नंतर ते किन्हईच्या परशुराम त्र्यंबकांकडे आलं आणि त्यांच्या घराण्यात राहिलं.

हे परशुरामपंत मूळचे कुलकर्णी. गेलेले गड परत घेण्यात नाव कमावलेले. राजाराम महाराजांनंतर ते ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आले तेव्हा त्यांच्याविरुद्ध लढले, सातारा पडल्यावर कैदेत गेले. पुढे शाहूंनीच त्यांना सोडून प्रतिनिधिपद परत दिलं. त्यांचा एक मुलगा श्रीपतराव साताऱ्याच्या दरबारात प्रतिनिधी, तर दुसरी शाखा कोल्हापूरच्या गादीकडे विशाळगडला. म्हणजे दोन्ही छत्रपतींकडे प्रतिनिधी एकाच घरातले! श्रीपतराव आणि थोरला बाजीराव यांचं शाहूंच्या दरबारात पटलं नाही, हे शाळेत वाचलेलं आठवत असेल. बाजीराव उत्तरेकडे झेप घ्या म्हणत, श्रीपतराव आधी घर सावरा म्हणत. इतिहास बाजीरावाच्या बाजूने गेला, म्हणून श्रीपतराव नाटक-कादंबऱ्यांत कायम आडमुठे दिसतात. ते थोडं अन्यायाचं आहे.

आणि याच घराण्याच्या गोष्टीत ताई तेलीण येते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात प्रतिनिधी कैदेत पडले, तेव्हा या बाईने त्यांना सोडवण्यासाठी उठाव केला आणि वासोटा किल्ल्यावरून बापू गोखल्यांशी कित्येक महिने झुंज दिली. 'तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा' ही ओळ साताऱ्याकडे अजून म्हणतात.

अप्पासाहेब स्वतः राजे होते का?

नव्हते. ते युवराजही नव्हते. बाळासाहेब १९५१ मध्ये वारले, तेव्हा पदवी नातू भगवंतरावांकडे गेली. इंग्रजी मजकुरात अप्पासाहेबांना सर्रास 'प्रिन्स' म्हटलेलं दिसतं, त्याचा अर्थ राजपुत्र एवढाच घ्यावा.

वडील इतके प्रसिद्ध कशामुळे?

सूर्यनमस्कारांमुळे. बाळासाहेब स्वतः रोज घालत, राणीसाहेबांना, मुलांना आणि संस्थानातल्या शाळांना घालायला लावत. त्यावर पुस्तक लिहिलं, ते विलायतेत गाजलं. शिवाय चित्रकार, कीर्तनकार आणि चित्ररामायणाचे कर्ते. १९३५ च्या इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला एक लाख रुपये कबूल करणारे तेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावातलं बस्तान उठलं तेव्हा कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान देणारेही तेच. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

औंध ऐश्वर्यवान संस्थान होतं असं मात्र नाही. सलामीच्या तोफांचा मान नाही. ७२ गावं, वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. तीही सलग नाहीत : औंध एकीकडे, कुंडल आणि आटपाडी दुसरीकडे, गुणदाळ तर पार विजापूरकडे. नकाशावर शाई शिंपडल्यासारखं संस्थान. त्यातली आटपाडी म्हणजे माणदेश, पावसाची कायम वाट बघणारा.

'औंधचा प्रयोग' म्हणजे काय?

१९३८ मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या बाळासाहेबांनी जाहीर केलं की राज्यकारभार प्रजेच्या हाती देणार. जानेवारी १९३९ मध्ये तशी राज्यघटना लागूही झाली. त्या वेळी राजकोटपासून हैदराबादपर्यंत संस्थानांत जबाबदार राज्यपद्धतीसाठी सत्याग्रह चालले होते, लोक तुरुंगात जात होते. इथे राजाच म्हणत होता, घ्या.

त्यामागे तीन माणसं. नुकते विलायतेहून परतलेले, पंचविशीतले अप्पासाहेब. दुसरे मॉरिस फ्रीडमन, पोलंडचे ज्यू इंजिनिअर. बंगळूरच्या सरकारी विजेच्या कारखान्यात नोकरी करता करता त्यांनी भगवी वस्त्रं घेतली, स्वामी भारतानंद झाले. (पुढे मुंबईच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत आणणारे ते हेच. एका माणसाच्या आयुष्यात किती काय मावतं!) आणि तिसरे अर्थातच सेवाग्रामचे म्हातारबुवा. राजा, अप्पासाहेब आणि फ्रीडमन मसुदा घेऊन गांधीजींकडे गेले आणि गांधीजींनी त्यात बारकाईने लक्ष घातलं.

घटनेचा सांगाडा साधा. गावाने पाच पंच निवडायचे. पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुका समिती. तालुका समित्यांतून संस्थानाची विधानसभा. म्हणजे सत्ता खालून वर चढत जाणार. न्यायसुद्धा गावात, गावकऱ्यांसमोर, वकिलाविना. मतदाराला लिहिता-वाचता यायला हवं, ही अट गांधीजींच्या आग्रहाची. आणि राजाने साधेपणाने राहायचं, खासगी खर्चाला मर्यादा घालून घ्यायची.

कल्पना करा : ऑक्सफर्डचा एम.ए., लिंकन्स इनचा बॅरिस्टर आटपाडीच्या एखाद्या चावडीसमोर सतरंजीवर बसलाय. समोर बांधाचं भांडण घेऊन दोन भाऊबंद. दोघेही एकाच वेळी बोलतायत. निकाल पंचांनी द्यायचा, राजपुत्राने नाही. त्याने फक्त गप्प बसून ऐकायचं. मुत्सद्देगिरीचं याहून चांगलं शिक्षण कुठल्या अकादमीत मिळत असेल असं मला वाटत नाही.

तो प्रयोग यशस्वी झाला का?

नऊ वर्षं चालला आणि मार्च १९४८ मध्ये दक्षिणी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली तेव्हा एका दिवसात संपला. पंचायती गेल्या, मामलेदार आले. विलीनीकरण अटळ होतं, त्याबद्दल वाद नाही. ७२ गावांचं वेगळं राज्य ठेवून काय करायचं होतं? पण पंचायत राज्याचा चालता-बोलता नमुना हाताशी असताना त्याची साधी विचारपूसही झाली नाही आणि मग अकरा वर्षांनी, १९५९ मध्ये, नागौरला पंचायत राज्याचा नव्याने नारळ फोडला. ही हळहळ अप्पासाहेबांना शेवटपर्यंत होती. ती रास्त होती.

दुसरी बाजूही सांगतो. हे स्वराज्य वरून मिळालेलं होतं, भांडून घेतलेलं नव्हतं. साक्षरतेच्या अटीचा हेतू लोकांनी शिकावं हा होता, आणि रात्रीच्या शाळा निघाल्याही, पण त्या काळातल्या माणदेशात अशी अट म्हणजे बायका आणि दलित मतदानापासून दूर राहणार, हे उघड होतं.

स्वतंत्रपूर म्हणजे सिनेमातला तो तुरुंग का?

हो, 'दो आँखें बारह हाथ'च्या कथेचं मूळ तिथलं. आटपाडीजवळ १९३९ मध्ये संस्थानाने कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत नाही, बेड्या नाहीत. खून केलेली माणसं कुटुंबासह राहून शेती करणार. कल्पना फ्रीडमन यांची. शांतारामबापूंच्या या चित्रपटाची पटकथा ग. दि. माडगूळकरांची, आणि गदिमा माडगूळ्याचे, म्हणजे औंध संस्थानचेच रयत! गोष्ट त्यांना लांबून आणावी लागली नाही.

प्रतिसरकारशी त्यांचा संबंध होता का?

कुंडल औंध संस्थानात होतं, एवढं सांगितलं तरी सातारा-सांगलीच्या माणसाला पुढचं कळतं. इंग्रजांना न जुमानता गावोगाव स्वतःचा कारभार चालवणाऱ्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं, आणि त्याच्या लढाऊ दलाचं, म्हणजे जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेचं ते घर. इंग्रजी हद्दीत काम करून संस्थानी हद्दीत शिरलं की पोलिसांचे हात आखडत. औंध दरबाराने भूमिगतांकडे काणाडोळा केला, हे तिकडे सर्वश्रुत आहे. दरबारात तेव्हा अप्पासाहेब होते. वरून रेसिडेंटला पत्रं लिहायची आणि खाली माणसं सांभाळायची, असा तो दुहेरी कारभार.

राजघराण्यातला माणूस नेहरूंनी परदेशात का पाठवला?

१९४७ मध्ये परराष्ट्र खात्याला माणसंच नव्हती. आयसीएसमधले थोडे होते, बाकी नेहरूंनी हाताने वेचले : प्राध्यापक, वकील, संस्थानांचे दिवाण. पणिक्कर बिकानेरचे दिवाण होते, ते चीनला गेले. पुढे राजेही गेले. जयपूरचे सवाई मानसिंह स्पेनला, पतियाळाचे यादवेंद्रसिंह इटलीला. पण त्यांच्यात आणि अप्पासाहेबांत फरक आहे. राजेलोकांच्या नेमणुकीत मानाचा भाग मोठा होता. अप्पासाहेब गेले ते राज्य सोडून दिलेल्या घरातून, गांधीजींच्या ओळखीवर, आणि पहिलीच नेमणूक मिळाली ती जोखमीची.

नैरोबीत नेमकं काय झालं?

१९४८ मध्ये ते ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतले भारताचे कमिशनर झाले. राजदूत नव्हे, कारण केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार हे तेव्हा देश नव्हते, इंग्रजांच्या ताब्यातले मुलूख होते. सरकारी अपेक्षा अशी की या माणसाने तिथल्या गुजराती-पंजाबी-गोवेकर दुकानदारांची आणि कारकुनांची गाऱ्हाणी ऐकावीत, गव्हर्नरच्या बागेत चहा प्यावा.

नेहरूंची सूचना वेगळी होती. तिथल्या भारतीयांनी आफ्रिकी माणसाचं हित आधी पाहावं, त्याच्या छातीवर बसून सवलती मागू नयेत. दुकानदारांना हे फारसं रुचलं नाही. अप्पासाहेबांनी मात्र ते शब्दशः घेतलं. नैरोबीत तेव्हा वर्णभेद इतका की चांगल्या हॉटेलात काळ्या माणसाला दारातूनच परत पाठवत. अशा गावात कमिशनरच्या जेवणाच्या टेबलाशी जोमो केन्याटा आणि कोइनांगे हे केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी येऊन बसायला लागले. आफ्रिकी मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. गांधीजींच्या स्मारकासाठी तिथल्या भारतीयांनी पैसे जमवले, ते फक्त भारतीयांच्या कॉलेजला न देता सर्व वर्णांच्या मुलांसाठी वापरले जावेत, या खटपटीत अप्पासाहेब पुढे होते. तो निधी रॉयल टेक्निकल कॉलेजात गेला आणि त्या कॉलेजाचं पुढे नैरोबी विद्यापीठ झालं.

ऑक्टोबर १९५२ मध्ये माऊ माऊ या इंग्रजांविरुद्धच्या आफ्रिकी बंडामुळे केनियात आणीबाणी लागली, केन्याटांना पकडलं. कापेन्गुरियाच्या खटल्यात त्यांच्या बचावाला दिल्लीहून दिवाण चमनलाल गेले, आणि तिथल्याच वकिलांत गोवेकर घराण्यातले तरुण फिट्झ डिसूझा होते. गोऱ्या वसाहतवाल्यांना या सगळ्यामागे भारताचा कमिशनर दिसू लागला. लंडनने दिल्लीकडे तक्रारींचा लकडा लावला : हा माणूस इथून हलवा. १९५४ मध्ये त्यांना नैरोबी सोडावं लागलं. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. दिल्लीचं उत्तर यातच आलं.

इंग्रजांना तो माणूस उमगलाच नाही, असं मला वाटतं. राजघराण्यातला, ऑक्सफर्डचा, आपल्यासारखं इंग्रजी बोलणारा. म्हणजे आपलाच, असा त्यांचा हिशेब. चावडीवरची ती सतरंजी त्यांना कुठून दिसणार?

तिबेटशी संबंध कसा आला?

१९५५ मध्ये ते गंगटोकला पोलिटिकल ऑफिसर झाले. इंग्रजांच्या काळातलं हे पद आपण नावासकट उचललं होतं. सिक्कीम, भूतान आणि तिबेटमधल्या आपल्या कचेऱ्या, ल्हासा, ग्यान्त्से, यातुंग, या सगळ्यांचा कारभार गंगटोकच्या जुन्या रेसिडेन्सीतून चाले.

वेळ नाजूक होती. चीनबरोबरच्या १९५४ च्या पंचशील करारात तिबेटमधल्या तारकचेऱ्या, विश्रामगृहं, पहाऱ्याचे सैनिक आपण सोडून दिले होते. पूर्व तिबेटात खांपा लोकांचं चीनविरुद्ध बंड पेटलं होतं. दिल्लीत 'हिंदी-चिनी भाई भाई'. बुद्ध जयंतीच्या निमित्ताने नोव्हेंबर १९५६ मध्ये तरुण दलाई लामा नथू ला ओलांडून भारतात आले, तेव्हा त्यांच्या स्वागताची जबाबदारी अप्पासाहेबांवर होती.

पण बघण्यासारखा प्रसंग सप्टेंबर १९५८ चा. नेहरूंना भूतानला जायचं होतं आणि भूतानला मोटाररस्ता नव्हता. वाट तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, म्हणजे चीनच्या ताब्यातून. मग एकोणसत्तरीला आलेले पंतप्रधान, बरोबर इंदिराबाई आणि अप्पासाहेब, असे सगळे गंगटोकहून निघाले, सुमारे १४,००० फुटांवरची नथू ला चढून पलीकडे यातुंगला उतरले, आणि घोड्यांवरून मजल दरमजल करत पारोला पोचले. खिंडीत वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही. आज पंतप्रधानांच्या ताफ्याला इतके दिवस असं डोंगरात हरवू देण्याची कल्पनाही करवत नाही. पुढच्याच मार्चमध्ये दलाई लामा ल्हासाहून निसटले आणि ती वाट बंद झाली.

१९५८ च्याच ऑक्टोबरात गंगटोकची तिबेटी विद्येची नामग्याल संस्था नेहरूंच्या हस्ते सुरू झाली.

जाकार्तात दूतावासावर हल्ला झाला तेव्हा तेच राजदूत होते ना?

हो. ऑगस्ट १९६२ मध्ये आशियाई खेळ जाकार्तात भरले. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही. त्यावर खेळ महासंघातले आपले गुरुदत्त सोंधी म्हणाले, मग याला 'आशियाई खेळ' हे नाव लावता येणार नाही. झालं. ३ सप्टेंबरला जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला. दुसऱ्या दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता. भरगच्च स्टेडियम भारताच्या नावाने हुर्यो करत होतं, त्यात आपण दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्ण घेतलं. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नैलसिंगचा गोल.

मुत्सद्दी म्हणून अप्पासाहेबांना हे पद फळलं नाही, हे मान्य करायला हरकत नाही. पुढच्याच महिन्यात चीनचं युद्ध, आणि सुकार्नो दिल्लीपासून दूर सरकत पेकिंगकडे झुकत होते. पण या घसरणीचं खापर राजदूतावर फोडणं म्हणजे पूर आला म्हणून नावाड्याला बोल लावणं.

नंतरच्या नेमणुका?

१९६४ ला नॉर्वे. १९६६ ला कैरो : तिथे असतानाच १९६७ चं सहा दिवसांचं युद्ध झालं. १९६९ ते १९७२ लंडनमध्ये हायकमिशनर. बांगलादेश युद्धाच्या वेळी ब्रिटिश सरकार, वृत्तपत्रं आणि तिथले बंगाली या तिघांशी बोलायचं काम त्यांच्या कचेरीकडे होतं. पाकिस्तानच्या कैदेतून सुटलेले शेख मुजीब ८ जानेवारी १९७२ ला आधी लंडनलाच उतरले. शेवटी रोम, आणि १९७५ ला निवृत्ती.

ते फार आध्यात्मिक होते, असं म्हणतात.

होते. रमण महर्षी, तिबेटी लामा, सगळ्यांकडे ओढा. सूर्यनमस्कारांवर वडिलांसारखं त्यांनीही पुस्तक लिहिलं. त्यांच्या इंग्रजी आठवणी वाचताना राजकारण ऐन रंगात आलेलं असतं आणि लेखक एकदम ध्यानाकडे वळतो. मी अशा ठिकाणी पानं उलटतो, खोटं कशाला बोला. पण औंधवरचं त्यांचं लेखन पानं न उलटता वाचण्यासारखं आहे.

कुटुंबाबद्दल काही?

पत्नी नलिनीदेवी शल्यविशारद होत्या. कन्या अदिती पंत सागरशास्त्रज्ञ. १९८३ च्या मोहिमेत अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी एक, दुसऱ्या सुदीप्ता सेनगुप्ता.

औंधला गेलं तर काय बघावं?

डोंगराच्या निम्म्यावर बाळासाहेबांनी १९३८ मध्ये बांधलेलं श्री भवानी संग्रहालय. रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'आई आणि मूल' हे दगडी शिल्प आहे. मी गेलो तेव्हा शाळेची सहल आली होती. पोरं त्यावरून नजर फिरवून पुढे पळत होती. एक मुलगी तेवढी थांबली, मान तिरकी करून बघत राहिली आणि बाईंना म्हणाली, "हिला नाक का नाही काढलंय?" बाई म्हणाल्या, "चल पुढं, यमाईला वर चढायचंय अजून." पायऱ्या बऱ्याच आहेत, सकाळीच जा.